सहा स्टेशनांचं अंतर

(मीरा रोड इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलायला विषय दिलाय ‘आपलं शहर, आपले मोहल्ले’. सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. महिन्यातल्या एका रविवारी दहा-पंधरा मुलामुलींना घेऊन पायी हिंडतो, एवढीच माझी पात्रता. कधी इथे, मीरा-भाईंदरमध्ये, कधी ट्रेन पकडून मुंबईत. आज समोर बसलेल्यांपैकी चार-पाच जण माझ्याबरोबर चालून पाय दुखवून घेतलेले आहेत. बाकीच्यांनी त्यांना खाजगीत विचारावं, मी किती बोअर करतो ते.

मागे एकदा आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो होतो. तो आपल्याच महापालिकेच्या हद्दीत आहे, हे निम्म्या मुलांना तिथे पोचल्यावर कळलं. वर उभं राहिलं की खाली खाडी दिसते. मी आपला सांगत होतो. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, मग १७७४ ला इंग्रजांनी साष्टी घेतली. तेवढ्यात एक मुलगी, नया नगरमध्ये राहणारी, नुकतीच बारावी झालेली, शांतपणे म्हणाली, “सर, पोर्तुगीजांचं झालं, मराठ्यांचं झालं, इंग्रजांचं झालं. यात आपलं काय? आपण तर दंगलीनंतर आलेले.”

दोघं-तिघं हसले. मग कुणीच बोललं नाही. मलाही तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, काहीतरी थातुरमातुर बोलून मी सगळ्यांना वडापाव खायला नेलं. आज जे बोलणार आहे ते तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, तिचं वाक्य तपशिलातच चुकीचं आहे. नया नगर दंगलीनंतर वसलेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सय्यद नझर हुसेन यांनी इथल्या पाणथळ, खारट जमिनीवर वसाहत उभी करायला घेतली. मुंबईत खोली मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती, आणि परवडली तरी आडनाव ऐकून घरमालकाचा विचार बदलत होता. अशी माणसं इथे आली. तेव्हा इथे नगरपालिकासुद्धा नव्हती. मीरा-भाईंदर नगरपालिका झाली १९८५ मध्ये, महापालिका २००२ मध्ये. म्हणजे नया नगर या शहराच्या नगरपालिकेहून जुनं आहे! १९९२-९३ नंतर लोकांचा लोंढा आला हे खरं. पण ‘लोंढा आला’ आणि ‘वस्ती तेव्हाच झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याबद्दलची चुकीची गोष्ट आपणच पाठ करून बसलोय.

आता दुसरी गोष्ट, ती जरा अवघड आहे. समजा आपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आलो. मग त्याआधी इथे कोण होतं? मिरे आणि काशी ही दोन गावं होती, त्यांचं मिळून काशीमिरा. स्टेशनला नाव मिळालं ते मिरे गावावरून, आणि आमच्या फेरीतल्या एका मुलाला दहावीपर्यंत ते संत मीराबाईंवरून वाटत होतं. नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. भातशेती, मासेमारी आणि मिठागरं. भाईंदरचं मीठ कित्येक पिढ्यांनी खाल्लंय. मग राजस्थानी आणि गुजराती मंडळी आली, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले, उत्तर भारतातून मजूर आले, चाळीतली घरं विकून गिरगाव-परळची मराठी कुटुंबं आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. यातले बहुतेक सगळे कुठून ना कुठून आलेलेच. पण ‘तुम्ही कुठून आलात’ हा प्रश्न काहींनाच विचारला जातो, आणि काहींना तो आयुष्यात एकदाही विचारला जात नाही. फरक तारखेचा नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून मी मुलांना घेऊन माहीमला गेलो, तेव्हा सावध होतो.

मीरा रोडहून चर्चगेटची स्लो लोकल पकडली की थेट माहीम. मखदूम फकीह अली माहिमी यांचा दर्गा. त्यांचा इंतकाल १४३१ सालचा. कोकणी मुसलमान, नवायत घराण्यातले, मोठे विद्वान. कुरआनवर त्यांनी अरबी भाषेत लिहिलेली तफसीर आजही अभ्यासली जाते. पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधी, जेव्हा मुंबई नावाचं शहर नव्हतं, सात बेटं होती, तेव्हा माहीममध्ये बसून हा माणूस ग्रंथ लिहीत होता. डिसेंबरात उरूस भरतो तेव्हा पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, माहीम पोलीस ठाण्यातून निघतो. वर्दीतले लोक डोक्यावर चादर घेऊन चालतात. हे ऐकून कोकणातली आमची पोरं एकदम ताठ झाली. एक जण म्हणाला, “बघा सर, आपण सहाशे वर्षांपूर्वीचे!”

आणि मागून दुसरा म्हणाला, “तुम्ही कोकणवाले असाल. आम्ही आझमगढ़चे. आमचं काय?”

बघा, कसं असतं. ‘आम्ही जुने’ म्हणून छाती फुगवली की आपल्याच घोळक्यातला कुणीतरी लगेच नवा ठरतो. शिवाय नवायत तरी कोण? ज्यांचे पूर्वज अरबस्तानाच्या बाजूने समुद्रावरून आले असं तेच सांगत आले, ते. मी त्या आझमगढ़च्या मुलाला पुढच्या महिन्यात मदनपुऱ्यात नेलं. उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांची वस्ती. बनारसमध्येही एक मदनपुरा आहे, तोही विणकरांचाच. भिवंडी आणि मालेगावच्या मागांशी जोडलेली हीच माणसं. माझं भाषण त्याने फारसं ऐकलं नाही. तो एका म्हाताऱ्या चाचांशी त्यांच्या बोलीत अर्धा तास बोलत बसला आणि आम्हाला उन्हात उभं केलं. पण त्या दिवसानंतर त्याने एकही फेरी चुकवलेली नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी फेरी मस्जिद बंदरची. सेंट्रलवरचं मस्जिद स्टेशन. मी दर वेळी मुलांना विचारतो, या स्टेशनाला कुठल्या मशिदीचं नाव आहे? कुणी जामा मशीद म्हणतं, कुणी मिनारा मशीद, कुणी झकेरिया. उत्तर असं सांगितलं जातं की ही मशीद मुसलमानांची नाहीच. जवळच मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवर ‘शआर हरहामीम’ नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी ते बांधलं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे, कोकणातून आलेले ज्यू, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे. दिवेकर! दिवेआगरचे. आमच्यात श्रीवर्धनकडचा एक मुलगा होता, त्याचंही आडनाव ‘कर’ लागणारं. तो त्या नावाकडे बघतच राहिला. गॅझातल्या बातम्या मोबाईलवर बघत तो ट्रेनमध्ये आला होता आणि इथे त्याच्या शेजारच्या गावचा ज्यू निघाला. तो काहीच बोलला नाही. मीही काही बोललो नाही. काही गोष्टी मास्तरने समजावू नयेत.

तिथून चालत जामा मशीद. १७७५ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, १८०२ ला पूर्ण झालं. ती एका जुन्या तलावावर उभी आहे. जागा एका कोकणी व्यापाऱ्याची होती आणि तलाव बुजवायचा नाही या अटीवर तिथे मशीद बांधू दिली गेली, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलंय. आज आत गेलात तर वुजूचा हौज म्हणजे तोच तलाव, खाली पाणी आणि वर खांबांवर मशीद. खाजण बुजवून बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्या आपल्याला, दर पावसाळ्यात तळमजल्याची गाडी पाण्यात बघणाऱ्या आपल्याला, ती अट नीट कळायला हवी.

डोंगरीबद्दल काय सांगू? सिनेमावाल्यांनी डोंगरीचं जे करायचं ते केलं. आमच्या मुलांनाही डोंगरी म्हटलं की पहिल्यांदा कुठला तरी डॉनच आठवतो. मी त्यांना उमरखाडीत, डोंगरीच्या जुन्या तुरुंगापाशी नेतो. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर इथे कैदेत होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, नाव आहे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’. मराठी वाङ्मयात डोंगरी पोचली ती अशी, डॉन जन्माला यायच्या कितीतरी आधी. आणि टिळकांचा विषय निघालाच आहे तर पंधरा वर्षं पुढे या. १८९७ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला, जामीन मिळेना. हायकोर्टात तो जामीन ज्यांनी दिला ते न्यायमूर्ती होते बदरुद्दीन तय्यबजी. खंबायतच्या बोहरा घराण्यातले, काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष, आणि १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांपैकी एक. सीएसएमटीसमोरची अंजुमनची ती घुमटाची इमारत तुम्ही कितीदा पाहिली असेल. रस्ता ओलांडून आत डोकावलात कधी?

भेंडी बाजाराच्या नावावरून भांडण आहे. कुणी म्हणतं ‘बिहाइंड द बाजार’चा अपभ्रंश, कुणी म्हणतं तिथे भेंडीची झाडं होती. मी झाडाच्या बाजूने, कारण मला झाडं आवडतात, दुसरा पुरावा नाही. इथे उत्तर प्रदेशातून आलेले तीन भाऊ राहिले, छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ, आणि त्यांच्या गाण्याला भेंडी बाजार घराणं नाव मिळालं. घराण्यांना सहसा संस्थानांची नावं, ग्वाल्हेर, जयपूर, पतियाळा. या घराण्याला मोहल्ल्याचं नाव. अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. गोव्याकडच्या घराण्यांतल्या मुली, भेंडी बाजारचे उस्ताद. आता तिथल्या जुन्या चाळी पाडून टॉवर होतायत. लोकांना चांगली घरं मिळतायत, त्याबद्दल रडणारा मी कोण? पण जायचं असेल तर लवकर जा.

हे सगळं सांगताना मी एक भाग टाळत आलो. फेऱ्यांमध्येही टाळायचो.

आमचं घर जोगेश्वरीला होतं. चाळ मिश्र होती. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल तुम्ही वाचावा असं मला वाटतं, तो काही गुप्त कागद नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. जोगेश्वरीत दोन्हीकडची माणसं जळाली. माणसं दोन्हीकडून निघाली, जिथे आपण कमी तिथून जिथे आपण जास्त तिकडे. आम्ही फेब्रुवारीत मीरा रोडला आलो. मी सातवीत होतो. अब्बांनी त्यानंतर जोगेश्वरीचं नाव काढलं नाही. लग्नाच्या पत्रिका यायच्या, ते जायचे नाहीत, “लांब पडतं” म्हणायचे.

२०११ मध्ये, ते आजारी असताना, स्वतःच म्हणाले, “चल, एकदा बघून येऊ.” आम्ही दुपारची लोकल पकडली. दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, जोगेश्वरी. तेव्हा राम मंदिर स्टेशन नव्हतं, त्यामुळे सहावं स्टेशन. अर्धा तास लागला. चाळ होती, आमच्या खोलीत दुसरं कुणीतरी होतं. शेजारच्या मावशी दारातच बसल्या होत्या, फार थकल्या होत्या. त्यांनी अब्बांना ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. उठताना म्हणाल्या, “भाईजान, अठरा वर्षं झाली. एवढं लांब होतं का हो?”

अब्बा परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. मी हिंडायला लागलो तो त्यानंतर.

अठरा वर्षं. सहा स्टेशनं. आपल्या मोहल्ल्याच्या बाहेर न जाण्याची सवय अशी लागते. आधी भीतीने, मग सोयीने, मग मुलांना वाटतं की शहर एवढंच असतं. मशीद आहे, शाळा आहे, हलाल मटण आहे, कबाब आहेत, आपली भाषा आहे. पलीकडे कशाला जायचं? आणि पलीकडचे आपल्याकडे येत नाहीत ते वेगळंच. त्यांच्या इमारतींत आपल्याला घर देत नाहीत, हे मी नाकारत नाही. ते कायद्याने आणि आवाज उठवून लढायचं आहे, ते काम ही चळवळ करते. पण रस्त्यावर चालायला कुणाची परवानगी लागत नाही.

ही फक्त आपली कहाणी नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेजवळ एक इस्लामी केंद्र होणार म्हणून मोठा गदारोळ झाला होता. या भागाशी यांचा संबंध काय, असं विचारत होते. त्याच भागात, वॉशिंग्टन स्ट्रीटवर, १८८० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंत अरबांची वस्ती होती, तिला ‘लिटल सीरिया’ म्हणत. दुकानं, अरबी छापखाने, वर्तमानपत्रं. बहुतेक जण ख्रिस्ती होते, थोडे मुसलमान. समुद्राखालच्या बोगद्याचा रस्ता करताना बरीचशी वस्ती पाडली गेली, आणि मागे एका जुन्या चर्चसारख्या दोन-चार इमारती उरल्या. त्या गदारोळात ओरडणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत असेल? आणि ज्यांच्यावर ओरडत होते, त्यांच्यापैकी तरी कितींना?

आता आपल्याकडे येतो. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नया नगरमध्ये काय झालं आणि दोन दिवसांनी बुलडोझर कसे आले, ते मी सांगायची गरज नाही, तुमच्यापैकी काहींनी ते खिडकीतून पाहिलंय. त्या महिन्यात आमची फेरी झाली नाही. फेब्रुवारीत मी ग्रुपवर मेसेज टाकला, तर चौघंच आले. बाकीच्यांच्या अम्मींनी पाठवलं नाही, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

आम्ही लांब गेलो नाही. भाईंदर पश्चिमेला उतरून राई-मुर्ध्याच्या रस्त्याने चालत गेलो. एका वळणावर एक आगरी आजी भाजी घेऊन बसल्या होत्या. आम्ही पाण्यासाठी थांबलो तर म्हणाल्या, “कुठून आलात रे?” एक मुलगा पटकन म्हणाला, “भाईंदर.” दुसऱ्याने मान हलवली. मला कळलं ते काय करतायत. मीही गप्प राहिलो, ही माझी लाज. मग ती किल्ल्यावरची मुलगी, तीच, म्हणाली, “नया नगरहून आलोय, आजी.”

आजींनी तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, “अगं, तिकडे तर सगळं खाजण होतं. आम्ही लहानपणी खेकडे धरायला जायचो.” आणि मग, ज्याची आम्ही कुणीच कल्पना केली नव्हती, त्या आमच्यावर चिडल्या! तुमच्या बिल्डिंगा झाल्या आणि पाणी तुंबायला लागलं, मिठागरं गेली, खेकडे गेले, आमच्या पोरांना स्वतःच्या गावात घर परवडत नाही. पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यात धर्माचा एक शब्द नव्हता. बिल्डर, नगरसेवक, मारवाडी, आपण, सगळ्यांना एकाच माळेत ओवलं. त्यांचा राग खरा होता. ज्या जमिनीवर आपण आसरा घेतला, ती कुणाच्या तरी खेकड्यांची जागा होती. हे आपल्या कुठल्या तकरीरीत येत नाही. यायला हवं.

मुलगी ऐकत राहिली. शेवटी तिने दोन जुड्या मेथी घेतली आणि विचारलं, खेकडे धरायला कुठून जायचात, वाट कशी होती? आजींनी बोटाने हवेत नकाशा काढला. तिने तो वहीत उतरवला. त्या नकाशात आपल्या मशिदीच्या जागी एक नाला आहे, आणि शाळेजवळ कुठेतरी एक बांध. मी तो पाहिलाय. आपल्या इलाक्याचा त्याहून चांगला नकाशा मी अजून कुठे पाहिला नाही.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तलाकच्या प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढला, त्यात फक्त सात मुस्लिम बायका होत्या. सात! आमच्या फेरीला चौघं आले म्हणून मी खट्टू व्हायचं काही कारण नव्हतं.

तर पुढची फेरी. येत्या रविवारी, सकाळी साडेसहाला, मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला तिकीट खिडकीपाशी. तो नकाशा घेऊन आपण नया नगरमधूनच जुन्या वाटेने खाडीच्या दिशेने चालणार आहोत, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत. नकाशा जिने काढला तीच पुढे चालेल. मी मागे, पाय दुखतात माझे. चपला नको, बूट घाला, चिखल आहे. पाण्याची बाटली आणा. आणि घरी आजी-आजोबा, नाना-नानी असतील तर आज रात्री त्यांना एवढंच विचारून ठेवा, तुम्ही मीरा रोडला पहिल्यांदा उतरलात तेव्हा स्टेशनबाहेर काय दिसलं होतं.